आल्वारेस माशादोच्या जपानी दफनभूमीतली नोंदवही

२९ जून, शनिवार

काल रात्रीच्या बसने साओ पाउलोहून निघाले, सकाळी प्रेसिदेंते प्रुदेंतेला उतरले. साडेपाचशे किलोमीटरच्या वर प्रवास झाला. तिथून आल्वारेस माशादो अगदी जवळ, आणि दफनभूमी गावाबाहेर, कुरणांच्या बाजूला. माती तांबडी, भुसभुशीत. बुटाला लागली की कोकणातून फिरून आल्यासारखं वाटतं. जून-जुलै हा इथला हिवाळा. गवत वाळलेलं, आभाळ स्वच्छ. या कामाला याहून चांगले दिवस मिळणार नाहीत.

काम काय, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. प्रत्येक थडग्याचा फोटो काढायचा. त्यावरचा मजकूर आहे तसा उतरवायचा. मग तक्त्यात भरायचा: क्रमांक, नाव, मृत्यूची तारीख, वय, जपानमधला मूळ प्रांत. गावातल्या काही जपानी वंशाच्या घरांनी हे मागितलं आहे. त्यांची तिसरी-चौथी पिढी पोर्तुगीज बोलते. घरात आजीआजोबांचे चार जपानी शब्द टिकलेत, पण दगडावरची अक्षरं वाचता येत नाहीत. मी पुण्यात जपानी शिकले, इथे साओ पाउलोत दुभाषी म्हणून पोट भरते. रजा साठवून आले आहे.

इथे ७८४ माणसं पुरलेली आहेत. ब्राझीलमध्ये केवळ जपानी लोकांसाठी असलेली ही एकमेव दफनभूमी. १९४२ नंतर इथे कुणाला पुरलेलं नाही. १९८० साली राज्याच्या वारसा मंडळाने ती संरक्षित यादीत घेतली. या ७८४ जणांत एक जण जपानी नव्हता, ब्राझिलियन होता. एका जपानी कुटुंबाला वाचवताना त्याचा जीव गेला, म्हणून त्याला आपल्यातच जागा दिली, असं गावात सांगतात.

पंधरा दिवसांत सगळं होणार नाही हे मला माहीत आहे. वरच्या रांगांपासून सुरुवात करते.

३० जून, रविवार

सकाळी साडेसहाला पोचले तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. हे मुद्दाम. झिजलेलं अक्षर वाचायला डोक्यावरचं ऊन कामाचं नाही, तिरपा उजेड लागतो. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना खाचेच्या एका कडेला सावली पडते, आणि दुपारी नुसता करडा दिसणारा दगड बोलायला लागतो. ज्या दगडांचं तोंड सूर्याकडे नाही त्यांच्यासाठी आरसा आणला आहे. लांब उभं राहून त्याचा कवडसा बाजूने टाकायचा. इथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, हे मी सारखं विसरते आणि आरसा चुकीच्या बाजूला धरते.

दगड असं सरसकट म्हणते आहे, पण थडगी नाना प्रकारची आहेत. काही सिमेंटची, काही विटांची चौकट करून वर गिलावा केलेली, काही म्हणजे नुसता मातीचा उंचवटा. एका सिमेंटच्या थडग्यावरची अक्षरं छिन्नीची नाहीत. सिमेंट ओलं असताना खिळ्याने किंवा काडीने ओढलेली आहेत. पहिलं अक्षर मोठं, मग जागा संपत आली म्हणून खालची अक्षरं दाटीवाटीने बारीक झालेली. एका जागी हात चुकलाय आणि बोटाने सारवून पुन्हा लिहिलंय. त्या बोटाचा ठसा अजून आहे. मी त्यावर माझं बोट ठेवून पाहिलं. माझं बारीक पडलं.

लिहिणारा गवंडी नव्हता. बहुधा बाप असावा.

१ जुलै, सोमवार

आज नियम लिहून दारातल्या झाडाला टांगले, कारण मदतीला कॉलेजची चार मुलं आली आणि त्यांतल्या एकाने तारेचा ब्रश काढला.

तारेचा ब्रश नाही. ब्लीच नाही. खडू फासून अक्षर उठवायचं नाही. कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही. फक्त पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि आइसफ्रूटच्या लाकडी काड्या. दगडफूल सुटून येत असेल तर ओलं करून, वाट पाहून, काडीने. सुटत नसेल तर तसंच राहू द्यायचं. दगडफुलाचे तंतू दगडाच्या कणांत गेलेले असतात. ते ओरबाडलं तर अक्षराची कडाच निघून येते. दगड चकचकीत होतो, पण मजकूर कायमचा जातो.

मी हे जरा कडक आवाजात सांगितलं. पण मुलं ऐकणारी आहेत. ब्रशवाल्याने दुपारभर एकाच थडग्याशी बसून काडीने तीन अक्षरं मोकळी केली. तिन्ही वाचता आली: ‘कुमामोतो केन’, म्हणजे कुमामोतो प्रांत. तो म्हणाला, माझे पणजोबा तिथलेच. मग पाणी प्यायलाही उठला नाही.

२ जुलै, मंगळवार

मुलांना दगडावरच्या तारखा कशा वाचायच्या ते शिकवलं. पुढे दुसरं कुणी हे काम हातात घेईल, त्यांच्यासाठी इथेही लिहिते.

साल इसवी सनात नसतं, सम्राटाच्या कारकिर्दीत असतं. तैशो असेल तर १९११ मिळवायचे, शोवा असेल तर १९२५. तैशो ८ म्हणजे १९१९, शोवा ५ म्हणजे १९३०. तैशो १५ आणि शोवा १ दोन्ही १९२६ मध्येच येतात, कारण कारकीर्द बदलली ती २५ डिसेंबरला.

वय जुन्या पद्धतीचं असतं. मूल जन्मलं की एक वर्षाचं, आणि पुढच्या नव्या वर्षाला सगळ्यांचंच वय एकाने वाढतं. डिसेंबरात जन्मलेलं बाळ जानेवारीत ‘दोन वर्षांचं’. त्यामुळे दगडावर ‘दोन’ असेल तर ते मूल चालायला लागलं होतं असं धरायचं नाही. कदाचित त्याने मानही धरली नसेल.

आणि बौद्ध नाव. मेल्यावर दिलेलं धर्मनाम, त्याच्या शेवटी एक पद. मोठ्या माणसाला ‘शिन्शी’, बाईला ‘शिन्न्यो’. मुलग्याला ‘दोजी’, मुलीला ‘दोन्यो’. त्याहून लहानांसाठी वेगळी पदं, अगदी तान्ह्यांसाठी आणखी वेगळी. वय झिजून गेलं तरी हे शेवटचं पद उरलं असेल तर माणूस किती मोठा होता ते कळतं. खालच्या अंगाला जी लहान लहान थडगी आहेत, गुडघ्याच्याही खाली येणारी, त्यांच्याकडे मुलांनी पाहिलं आणि बोलणं थांबलं.

३ जुलै, बुधवार

ढग आले, वाचन जमेना. म्हणून आज ही माणसं इथे कशी आली ते लिहून काढते. तक्त्याबरोबर एक पान जोडायचंच आहे.

पहिलं जहाज कासातो मारू. २८ एप्रिल १९०८ला कोबेहून निघालं, १८ जूनला सांतोसला लागलं. त्यात ७८१ करारबद्ध लोक होते. करार एकट्या माणसाशी होत नसे, कुटुंबाशी होई, आणि कुटुंबात निदान तीन काम करणारे हात लागत. ज्यांच्या घरात तेवढे हात नव्हते त्यांनी कुणाच्या भावाला, कुणाच्या भाच्याला, कधी परक्यालाही कागदावर आपला केला. हे आमच्या तक्त्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. शेजारी शेजारी एकाच आडनावाची दोन थडगी दिसली म्हणून ती सख्ख्यांची असतील असं नाही. ‘नातं’ असा रकाना मी केला होता, तो आज खोडला.

कॉफीच्या मळ्यांवर जमलं नाही. हाती पडणारी मजुरी थोडी, आणि वाणसामान मळ्याच्याच दुकानातून चढ्या भावाने घ्यायचं, म्हणजे वर्षाअखेरीला उलट देणं. वर्ष दोन वर्षं काढून लोक निघाले आणि पश्चिमेकडे सरकणाऱ्या रेल्वेच्या मागे मागे गेले. तिथे जंगल होतं आणि जमिनीचे तुकडे हप्त्याने मिळत होते. एक फाटा नोरोएस्ते रेल्वेचा, दुसरा सोरोकाबाना रेल्वेचा. हे गाव त्या दुसऱ्यावरचं. तेव्हा त्याला ब्रेजाऊं म्हणत, म्हणजे मोठी दलदल.

जंगल तोडायचं, जाळायचं, राखेत पेरायचं. डॉक्टर नाही, औषध नाही. तिकडे नोरोएस्तेवर हिरानो उनपेई नावाच्या माणसाने १९१५ साली वसाहत उभी केली होती. भात करायचा म्हणून लोक नदीकाठच्या सखल जमिनीत उतरले. जपानी शेतकऱ्याला पाण्याजवळची जमीन म्हणजे लक्ष्मी. त्या पाण्यानेच घात केला. मलेरियाने काही महिन्यांत सुमारे ऐंशी जण गेले. हिरानो स्वतः १९१९ मध्ये गेला, चौतिशीत.

इथेही तापाच्या साथी आल्या. जवळची दफनभूमी प्रेसिदेंते प्रुदेंतेला, आणि तिथवर मृतदेह खांद्यावरून न्यायचा, जंगलातल्या वाटेने. एकाला पोचवून परत येईतो घरी दुसरा पडलेला. म्हणून आपल्याच शिवारात जागा केली. पुण्यात शिकत असताना जपानी स्थलांतराचा इतिहास वाचला तो टोकियोच्या अंगाने, किती जहाजं गेली आणि किती लोक गेले असा. १९४१पर्यंत ब्राझीलला सुमारे १ लाख ९० हजार लोक आले. पण त्यांना दफनभूमी का लागली, हे मला खांद्यावरच्या त्या वाटेने समजलं.

५ जुलै, शुक्रवार

आज एक दगड वाचला आणि पोटात धस्स झालं. स्पष्ट अक्षरांत ‘शोवा २९’, म्हणजे १९५४. इथलं दफन तर १९४२ला, म्हणजे शोवा १७ला थांबलं. मी तीनदा वाचलं, आरशाने वाचलं, फोटो मोठा करून वाचलं. एकोणतीसच.

मग दगडाच्या मागे गेले. मागे मृत्यूची तारीख होती, शोवा ८. पुढची तारीख दगड उभारल्याची होती. एकवीस वर्षं त्या जागी लाकडी पाटी असणार, किंवा नुसताच उंचवटा. कापसाचे बरे भाव आले असतील, मुलं कमावती झाली असतील, आणि मग दगड. मला वाटतं असं पुष्कळ ठिकाणी निघेल. आता एक रकाना वाढला: ‘दगड उभारल्याची तारीख’. आणि शोवा १७च्या पुढची तारीख दिसली की थांबून मागची बाजू पाहायची, हा नियम झाडावरच्या यादीत घातला.

१९४२. जानेवारीत ब्राझीलने जपानशी संबंध तोडले. त्याआधीच, १९३८मध्ये, व्हार्गास सरकारने परभाषेतल्या शाळा बंद पाडल्या होत्या. आता चारचौघांत जपानी बोलायचं नाही, परवान्याशिवाय प्रवास करायचा नाही, आणि फक्त आपल्याच लोकांची दफनभूमी ठेवायची नाही. ज्याची बायको इथे आहे तो नवरा गावच्या दुसऱ्या दफनभूमीत गेला. मला हे लिहिताना राग येतो. मेलेल्या माणसाने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

६ जुलै, शनिवार

आजची नोंद लांबेल.

सकाळी एक आजी आल्या. इथे सगळे त्यांना बाचान म्हणतात, म्हणजे आजीच, तर मीही बाचान म्हणते. ऐंशी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, डोक्यावर कापसाच्या शेतात घालतात तशी मागे झालर असलेली टोपी. नातू गाडीतून घेऊन आला होता. त्यांच्या थोरल्या बहिणीचं थडगं त्यांना ठाऊक होतं, पण दगडावर काय लिहिलंय ते कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. बाचान शाळेच्या वयाच्या झाल्या तेव्हा जपानी शाळाच नव्हत्या.

मला इतका आनंद झाला. हेच तर करायला मी आले होते. मी गुडघ्यावर बसले, ब्रशने पाणी फिरवलं, आणि सावकाश वाचलं. प्रांत फुकुओका. शोवा ९. वय चार. आणि नाव: साचिको.

बाचान काही बोलल्या नाहीत. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, “ही कोण?”

मी पुन्हा वाचलं. दोन अक्षरं. पहिलं म्हणजे सुख, दुसरं म्हणजे मूल. साचिको.

“आई तिला युकिको म्हणायची,” बाचान म्हणाल्या. “रोज म्हणायची. माझा जन्म ती गेल्यावरचा, मी तिला पाहिलं नाही. पण घरात युकिकोच होती. ही साचिको माझ्या बहिणीच्या जागी कोण?”

मला घाम फुटला. चूक माझी होती आणि ती साधी चूक नव्हती. ‘सुख’ आणि ‘मूल’ ही दोन अक्षरं साचिको अशीही वाचता येतात आणि युकिको अशीही. दगडात अर्थ कोरलेला असतो, उच्चार नाही. तो आईबापांनी ठरवलेला असतो आणि त्यांच्या जिभेवर असतो. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. मी परीक्षेत याच्यावर उत्तर लिहिलं आहे. आणि तरी, जे जास्त कानावर पडतं ते नाव मी धडाधड वाचून टाकलं, तिच्या बहिणीसमोर.

मी बाचानची माफी मागितली, नीट, जपानी पद्धतीने वाकून. त्यांना अक्षरांचं समजावून सांगितलं. दोन्ही बरोबर कसं, ते त्यांना पटेना, आणि का पटावं? मग त्यांनी माझा हात धरला आणि बोट दगडावर नेलं. “वाच,” म्हणाल्या. “आता वाच.”

युकिको.

“हां,” म्हणाल्या, आणि दगडाला हात लावला.

७ जुलै, रविवार

रात्री नीट झोप लागली नाही. आठवडाभरात मी किती नावं ‘वाचली’? तक्त्यात त्यांचे उच्चार रोमन लिपीत घातले आहेत, ठामपणे. त्यांतले किती बरोबर? सांगणार कोण?

पुण्यात असताना मोडीचा वर्ग केला होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, ओळ आपली सलग धावते. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की गावची नावं आणि घराण्यांची नावं आधी माहीत नसतील तर मोडी लागत नाही, नुसत्या अक्षरओळखीने माणूस भलतंच वाचतो. तेव्हा ते लिपीबद्दलचं वाक्य वाटलं होतं.

‘उच्चार’ असा नवा रकाना केला. आतापर्यंत भरलेले सगळे उच्चार पुसून टाकले. दगडावरून मिळतं ते वेगळं लिहायचं: अक्षरं आणि अर्थ. उच्चार फक्त तेव्हाच, जेव्हा घरच्या कुणी तरी तो कानाने ऐकलेला असेल. बाकी रकाना मोकळा. मोकळा रकाना पाहून वाईट वाटतं, पण अंदाजाने भरलेला रकाना पुढच्या माणसाला खराच वाटेल, आणि मग युकिकोची कायमची साचिको होईल.

ऐंशीच्या पुढची माणसं आज आहेत. दगड आणखी पन्नास वर्षं थांबेल. त्यामुळे पुढच्या आठवड्यात सकाळी दगड आणि दुपारी घरं.

९ जुलै, मंगळवार

आज राज्यात सुट्टी, सगळे घरी सापडले. चार घरं झाली. फोटो दाखवायचे, अक्षरांचा अर्थ सांगायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात कठीण, कारण मला सुचवायची घाई होते. मी एक उच्चार सुचवला की समोरचा माणूस मान डोलावतो. म्हणून आता सुचवायचं नाही.

एका घरी नाव आठवेना, पण आईची हाक आठवली. “जेवायला बोलवायची तेव्हा असं म्हणायची,” म्हणून त्या गृहस्थांनी मोठ्याने हाक मारून दाखवली, अंगणाकडे तोंड करून. सत्तरीचा माणूस. त्या हाकेत नाव होतं. मी रेकॉर्ड केलं.

दुसऱ्या घरी काहीच मिळालं नाही, पण कॉफी आणि भाजलेले भुईमूग मिळाले.

१० जुलै, बुधवार

सकाळचं काम. वरून तिसरी रांग.

इथे एका सरळसोट दगडावर कुणाचं नाव नाही, फक्त सहा अक्षरं: ‘ना-मु आ-मि-दा बुत्सु’. ‘नामु’ म्हणजे आपलं नमो. ‘आमिदा’ म्हणजे अमिताभ. ‘बुत्सु’ म्हणजे बुद्ध. आणि शेजारच्या थडग्यांवर धर्मनामाच्या आधी एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतं, ‘शाकु’. ते शाक्यचं आहे. जोदो शिन पंथात मेलेल्या प्रत्येकाच्या नावाआधी शाक्य लागतं, शाक्यमुनींच्या कुळातला म्हणून. त्या पंथात ती ‘दोजी’, ‘दोन्यो’ पदं नसतात, त्यामुळे अशा दगडावर लहान-मोठं कळत नाही. शेतमजूर असो, तान्हं बाळ असो, सगळे शाक्य.

आमच्या घरी रोज संध्याकाळी आजी त्रिशरण म्हणायची. १९५६च्या धम्मदीक्षेला ती नागपूरला होती, कडेवर माझा मोठा मामा. ‘नमो तस्स’ ऐकत मी मोठी झाले. हा ‘नमो’ चीन, जपान करत, बोटीत बसून, कॉफीच्या मळ्यांवरून या तांबड्या मातीत आला आणि सिमेंटमध्ये खिळ्याने लिहिला गेला. मी त्या दगडासमोर हात जोडले. नोंदवहीत लिहायची गोष्ट नाही कदाचित, पण लिहिते.

दुपारी बाचानना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आई ‘नामान्दाबु, नामान्दाबु’ असं पुटपुटायची, त्याचा अर्थ काय ते कुणाला माहीत नव्हतं. घाईघाईने म्हणता म्हणता ‘नामु आमिदा बुत्सु’ झिजून नामान्दाबु होतं. दगडाची अक्षरं पावसाने झिजतात, ही जिभेने झिजली.

तेव्हा इथे भिक्षूही नव्हते. बौद्ध धर्मोपदेशक ब्राझीलला पाठवू नयेत, उगाच तिथल्या लोकांच्या डोळ्यांवर येईल, असं जपानच्या सरकारचं धोरण होतं. मग ज्याला लहानपणचं सूत्र थोडंफार पाठ असेल तो शेतकरी पुढे होऊन म्हणायचा. त्यामुळे काही धर्मनामं शास्त्राला धरून नाहीत, एखादं अक्षर भलतंच आहे. ती ‘दुरुस्त’ करायची नाहीत. आहेत तशी उतरवायची.

१२ जुलै, शुक्रवार

शोकोनसाईची, म्हणजे मृतांच्या आत्म्यांना बोलावण्याच्या विधीची, तयारी. गवत कापलं, वाटा झाडल्या. मेणबत्त्यांची खोकी आली. आम्ही ओळीने फिरून कुठल्या थडग्यापुढे मेणबत्ती उभी राहायला सपाट जागा नाही ते पाहिलं आणि तिथे विटेचा तुकडा ठेवला. नुसत्या उंचवट्यांपुढेही. कुणाचं नाव उरलं नाही म्हणून मेणबत्ती चुकायला नको.

१४ जुलै, रविवार

आज शोकोनसाई. दरवर्षी जुलैत. सकाळपासून गाड्या आल्या, साओ पाउलोहून, पारानाहून. थडग्यांवर फुलं, भाताचे गोळे, संत्री, कुठे बिअरचा डबा उघडून ठेवलेला. सूत्रपठण झालं. बाजूला जेवणं, ढोल, गोल करून नाच. आपल्याकडे पितरांच्या दिवशी आवाज खाली असतो. इथे पोरं धावत होती आणि कुणी त्यांना गप्प करत नव्हतं. मला ते आवडलं. पुरलेल्यांत एवढी लहान मुलं आहेत, त्यांना धावण्याचा आवाज बरा वाटत असेल.

साडेपाचच्या सुमारास सूर्य उतरला आणि मेणबत्त्या लावायला सुरुवात झाली. सगळ्या थडग्यांवर, एकाच वेळी. ज्याला जी जवळ पडेल ती लावायची, आपलं-परकं नाही. मी आठवडाभर ज्यांच्याशी बसले होते त्या तिसऱ्या रांगेत गेले. खालून येणाऱ्या उजेडात अक्षरं उठून दिसत होती. पंधरा दिवस आरसा घेऊन जो तिरपा उजेड मी शोधत होते तो हा. मेणबत्ती दगडाच्या पायाशी, ज्योत खालून वर, आणि प्रत्येक खाच काळी. ज्या एका दगडाचं आडनाव मला अजिबात लागलं नव्हतं त्याचं पहिलं अक्षर तिथे लागलं. फोटो काढायला मोबाइल वर केला आणि पुन्हा खाली ठेवला. कागदावर उतरवून घेतलं.

बाचान युकिकोपुढे खुर्ची टाकून बसल्या होत्या. पणतू, सात-आठ वर्षांचा, मेणबत्ती हाताने आडोसा करून धरून होता. त्याने मला विचारलं, दगडावर काय लिहिलंय. मी म्हटलं, बाचानना विचार.

त्यांनी त्याचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. वाचता येत नव्हतं त्यांना. पण सुख कुठलं आणि मूल कुठलं ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं, आणि एकेका अक्षरावर थांबून त्याला सांगितलं: “यु-कि. को.”

१५ जुलै, सोमवार

सकाळी मेण काढायला आलो. लाकडी काडीनेच, थंड असताना. ऊन चढलं की मेण दगडात मुरतं. मुलं वेळेवर हजर. तारेचा ब्रश कुणीही आणला नाही.

वरच्या चार रांगा वाचून झाल्या. खालच्या लहान थडग्यांचे फोटो झाले, वाचन बाकी. ‘उच्चार’ रकाना बहुतेक मोकळा आहे. बाचानच्या नातवाने त्यांच्या ओळखीतल्या सहा वृद्धांची नावं दिली आहेत. त्यांतले दोघे साओ पाउलोतच राहतात, माझ्या कामाच्या रस्त्यावर. शनिवारी फोन करते. एकांना ऐकू कमी येतं, तर प्रत्यक्षच जाईन.

रात्री ९ची बस. आरसा इथेच ठेवून जाते आहे, मुलांकडे. सप्टेंबरपर्यंत तरी सकाळचं ऊन चांगलं तिरपं मिळेल.